मार्क ३९ ने जास्त आणि एसजीपीए अर्ध्या पॉइंटने कमी?? हे गणित कोणी समजावेल का

काठावरची
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.
काल आमच्या सेमिस्टरचा रिझल्ट लागला. मी आणि माझी रूममेट एकाच वर्गात, सहाच्या सहा विषय तेच. मार्कशीटवर मार्क पण आहेत आणि ग्रेड पण. माझे असे: गणित ६९, सांख्यिकी ७९, कॉम्प्युटर ५९, अर्थशास्त्र ६९, इंग्रजी ८५, प्रोजेक्ट ९१. टोटल ४५२.
तिचे: गणित ७०, सांख्यिकी ८०, कॉम्प्युटर ६०, अर्थशास्त्र ७०, इंग्रजी ६२, प्रोजेक्ट ७१. टोटल ४१३.
आता खाली एसजीपीए (सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) बघा. माझा ८.४०. तिचा ८.९०.
मी चार वेळा बेरीज केली, तिने पण केली, मग दोघी गप्प बसलो. घरी फोन केला तर बाबा म्हणाले कॉम्प्युटरची चूक असेल, अर्ज कर. आणि मला राहून राहून एकच वाटतंय की गणितवाल्या परीक्षकाला १ मार्क जास्त द्यायला काय जात होतं?? ६९ वर कोणी सोडतं का? बरं तेही एकदा नाही, दोन विषयात ६९, एकात ५९, एकात ७९. कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं.

केटीसम्राट
७९, ६९, ५९, ६९... बाटाच्या दुकानातले भाव वाटले आधी 😀

बेरीजवजाबाकी
चूक नाहीये, सिस्टीम अशीच आहे. विषयांचे क्रेडिट (म्हणजे कुठल्या विषयाला किती वजन) दिले नाहीत तुम्ही. अंदाजाने सांगतो, पहिले चार विषय ४-४ क्रेडिटचे आणि इंग्रजी, प्रोजेक्ट २-२ चे असणार, म्हणजे एकूण २०. तुम्ही जास्त मार्क मिळवलेत ते कमी क्रेडिटच्या विषयात, त्यामुळे त्यांचं वजन कमी धरलं गेलं. एवढंच आहे.

काठावरची
हो, क्रेडिट अगदी तसेच आहेत. पण मग "एवढंच" म्हणजे किती? प्रोजेक्टसाठी अख्खं सेमिस्टर घातलंय मी, रात्री जागून, आणि त्याला २ क्रेडिट?

बेरीजवजाबाकी
क्रेडिट हे शिकवण्याच्या तासांवरून ठरतं, तुम्ही किती घाम गाळला त्यावरून नाही. साधारण १५ तास लेक्चर म्हणजे १ क्रेडिट, प्रॅक्टिकल किंवा तसल्या कामाचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट. २ क्रेडिटचा प्रोजेक्ट म्हणजे कागदोपत्री ६० तासांचं काम. तुम्ही दोनशे तास घातले असतील, सिस्टीमला त्याचं काही नाही.

रिकामटेकडा_गणिती
एक मिनिट, बेरीजराव घाई करतायत. क्रेडिटमुळे झालं म्हणताय ना, मग क्रेडिट लावून साधे टक्के काढून बघू.
ताईंचे: पहिल्या चार विषयांची बेरीज २७६, गुणिले ४ = ११०४. उरलेल्या दोनची १७६, गुणिले २ = ३५२. एकूण १४५६ भागिले २० = ७२.८.
रूममेटचे: २८० गुणिले ४ = ११२०, १३३ गुणिले २ = २६६. एकूण १३८६, भागिले २० = ६९.३.
म्हणजे क्रेडिटचं वजन लावल्यावरही ताईच साडेतीन टक्क्यांनी पुढे! क्रेडिटने अंतर कमी केलं, पण नंबर उलटा केला नाही. उलटा केला तो पट्ट्यांनी, म्हणजे किती मार्कांना कुठली ग्रेड ते ठरवणाऱ्या गटांनी.
मार्कशीट उलटी करून बघा, मागे बारीक अक्षरात एक टेबल छापलेलं असतं. ८० आणि वर ओ म्हणजे १०, ७० ते ८० च्या आत ए प्लस ९, ६० ते ७० ए ८, ५५ ते ६० बी प्लस ७, मग ५० पासून ६, ४५ पासून ५, ४० पासून ४, आणि ४० च्या खाली एफ म्हणजे थेट शून्य. (१० ते ४ ही उतरंड यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची), कुठल्या मार्कांना कुठली पायरी हे मात्र प्रत्येक विद्यापीठ आपलं आपण ठरवतं, त्यामुळे तुमचं टेबल थोडं वेगळं असू शकेल.)
आता लावा. ताईंचे पॉइंट ८, ९, ७, ८ आणि दोन्ही १०. चार विषयांचे ३२ गुणिले ४ = १२८, वर २० गुणिले २ = ४०, एकूण १६८ भागिले २० = ८.४०. रूममेटचे ९, १०, ८, ९, मग ८ आणि ९. ३६ गुणिले ४ = १४४, १७ गुणिले २ = ३४, १७८ भागिले २० = ८.९०. दोन्ही मार्कशीट बरोबर आहेत.
थोडक्यात, तिच्याकडे चार मोठ्या विषयात मिळून ४ मार्क जास्त, त्याचे तिला ०.८० मिळाले. तुमच्याकडे दोन छोट्या विषयात ४३ मार्क जास्त, त्याचे तुम्हाला ०.३०.

काठावरची
४ मार्कांचे ०.८० आणि ४३ मार्कांचे ०.३०.
मी जरा वेळाने येते.

शांतपणे_वाचणारा
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). इतक्या वर्षांत मला कोणी हे मागचं टेबल दाखवलं नव्हतं, मी मार्कशीट फक्त पुढून झेरॉक्स करत आलो.

जुनं_खोड
आमच्या वेळी हे नव्हतं बुवा. ३५ ला पास, ६० टक्क्यांना फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन, विषय संपला. रिझल्ट विद्यापीठाच्या भिंतीवर लागायचा, गर्दीत मागून उड्या मारून नंबर बघायचा. मार्क म्हणजे मार्क होते, आता हे ओ काय, ए प्लस काय, ब्लड ग्रुप वाटतात. सगळं परदेशातून उचलून आणलेलं.

रिकामटेकडा_गणिती
काका, रागावू नका, पण तुमच्याही वेळी कडा होताच की. ५९.८ टक्केवाला सेकंड क्लास म्हणून आयुष्यभर फिरला आणि ६० वाला फर्स्ट क्लास म्हणून, दोघांत फरक किती? फक्त तेव्हा कडा एकाच जागी होता, शेवटच्या टोटलवर. एका विषयात १ कमी पडला तर दुसऱ्यातला १ जास्त कामाला यायचा. आता तोच कडा प्रत्येक विषयात आणून ठेवलाय आणि तोही सात ठिकाणी, ४०, ४५, ५०, ५५, ६०, ७०, ८०. इंग्रजीतले ५ फालतू मार्क गणितात उधार देता येत नाहीत.

जुनं_खोड
हे मात्र पटलं. माझा धाकटा भाऊ ५९.६ वाला आहे, त्याच्यासमोर अजून तो विषय काढत नाही आम्ही.

खडूफळा
मी स्वतः पेपर तपासते, बावीस वर्षं झाली, म्हणून लिहायला आले. काठावरची बाळा, "१ मार्क द्यायला काय जात होतं" हे वाचून वाईट वाटलं, कारण दर वर्षी कोणी ना कोणी हे तोंडावर विचारतंच.
तुझे ६९ कोणीही बघितले नाहीत गं. अगदी कोणीही नाही. तुझा पेपर बहुतेक ६० चा असेल आणि ४० इंटर्नल. इंटर्नलचे मार्क तुझ्या कॉलेजने परीक्षेच्या आधीच किंवा त्या सुमारास पोर्टलवर भरलेले असतात. माझ्यासमोर येते ती नुसती उत्तरपत्रिका, त्यावर ना नाव, ना सीट नंबर, फक्त बारकोड. आता तर बऱ्याच ठिकाणी वही पण हातात येत नाही, स्कॅन केलेली पानं स्क्रीनवर येतात, प्रत्येक उपप्रश्नाला मार्क टाकायचे, बेरीज मशीन करतं. मला दिसतं ६० पैकी ४१. तुला इंटर्नलला २८ आहेत की ३८ हे मला कळायचा मार्गच नाही. ४१ आणि २८ पहिल्यांदा एकत्र येतात ते विद्यापीठाच्या कॉम्प्युटरमध्ये, रात्री कधीतरी, प्रोसेसिंग चालू असताना. ६९ चा जन्म तिथे होतो आणि तिथे माणूस नसतो.
पूर्वी, वही हातात असायची तेव्हा, ३९ ला ४० करणारे परीक्षक असायचे, मी पण केलेत, खोटं का बोलू. ते आता करता येत नाही, कारण ३९ दिसतच नाही.

काठावरची
मॅडम, हे मला माहीतच नव्हतं. माझं खरंच ४१ अधिक २८ च आहे, आत्ता पोर्टलवर बघितलं. तुम्ही कसं ओळखलं??

खडूफळा
ओळखलं नाही, उदाहरण म्हणून लिहिलं, योगायोग! आता इथले लोक म्हणतील मीच तपासला 😅 माझा विषय गणित नाहीये.

केटीसम्राट
मॅडम सापडल्या 😂😂
जोक्स अपार्ट, माझा अनुभव ऐका. मला एका विषयात इंटर्नल ३५ आणि पेपरात २२, टोटल ५७ आणि तरी फेल. का तर दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हायला लागतं, ६० पैकी २४ आणि ४० पैकी १६. टोटलवाला बी प्लस होता मी, आणि ग्रेड एफ. बरं एफ म्हणजे पॉइंट शून्य. ५७ मार्कांचे शून्य पॉइंट. माझ्या पुढच्या बेंचवरचा ४१ मार्कवाला पास, त्याला ४ पॉइंट. मी मार्कशीट घेऊन ऑफिसला गेलो तर खिडकीतल्या काकांनी मान पण वर केली नाही, "हेड वाईज पासिंग" एवढंच म्हणाले आणि पुढचा.
मग केटी लागली. केटीचा फुलफॉर्म आयुष्यात एकदा तरी विचारा कोणाला, कीप टर्म म्हणे, म्हणजे टर्म ठेवायची परवानगी, मला वाटायचं कट टू.

कॉलेजकुमारी
२ मार्क ग्रेस नाही मिळाला का? आमच्यात देतात

केटीसम्राट
ग्रेसचं पण गणित असतं. एकूण किती मार्क वाटायचे याची मर्यादा असते आणि ते नापासाचं पास करायला असतात, त्यात मी अजून दोन विषयात गचकलो होतो, माझा कोटा संपला. शिवाय ग्रेस लावला की मार्कशीटवर मार्कांच्या शेजारी चिन्ह येतं छोटंसं, फुली किंवा तारा, ते जन्मभर चमकतं.

बेरीजवजाबाकी
माझं क्रेडिटचं उत्तर अर्धवट होतं, मान्य. पण मी पट्ट्यांची बाजू घेणार. खडूफळा मॅडमच सांगतील, एकच वही दोन परीक्षकांना दिली तर ४१ आणि ४१ येतील का? नाही. एक ३९ देईल, एक ४४ देईल. मग ६९ आणि ७१ मध्ये खरा फरक आहे असं कशाला मानायचं? म्हणून पट्टे आणले, की १ मार्कावरून मुलांनी एकमेकांच्या उरावर बसू नये.

रिकामटेकडा_गणिती
हेतू चांगला, पण झालं भलतंच. परीक्षकागणिक २-३ मार्क इकडे तिकडे होणार हे मान्य केलंत ना? मग पूर्वी त्या २-३ मार्कांची किंमत २-३ मार्कच होती. आता पट्ट्याच्या मधल्या मुलाला, समजा ६४ वाल्याला, त्याने काहीच फरक पडत नाही, आणि कडेच्या मुलाला पूर्ण १ पॉइंट, म्हणजे १० मार्कांएवढा. रस्त्यावरचे सगळे खड्डे बुजवले आणि ती माती उकरली एकाच जागी, अशातला प्रकार.
काही विद्यापीठं मार्क भागिले १० असाच ग्रेड पॉइंट देतात, ६९ ला ६.९. तसं असतं तर ताईंचा ७.२८ आणि रूममेटचा ६.९३. दोघींचे आकडे खाली आले, पण निदान क्रम सरळ राहिला.

बेरीजवजाबाकी
आणि मग ७.२८ बघून ताई रडल्या असत्या की ८.४० का नाही 😄

राईनकाठी
इथे जर्मनीत ॲडमिशन घेताना माझी याच्यावरून झोप उडाली होती. इथे ग्रेड उलटी, १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे कसाबसा पास. आपले मार्क इकडच्या ग्रेडमध्ये बदलायला एक सूत्र वापरतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. जास्तीत जास्त गुणातून आपले गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त वजा किमान पास याने भागायचं, ३ ने गुणायचं, १ मिळवायचा.
धागाकर्तीचा ८.४० घातला, कमाल १०, किमान ४, तर येतो १.८. रूममेटचा १.५५.
आता तीच माणसं, पण टक्के घातले. ४५२ भागिले ६०० म्हणजे ७५.३३, कमाल १००, किमान ४०, येतो २.२३. रूममेटचे ६८.८३, येतो २.५६.
बघा, पॉइंट घातले तर रूममेट पुढे, टक्के घातले तर धागाकर्ती पुढे. माझ्या बॅचला एक जण मार्कांची ट्रान्सक्रिप्ट लावून आला आणि एक जण ग्रेडची, दोघं एकाच विद्यापीठाचे. कॉफी पिताना हिशोब केला तेव्हा कळलं.
जाता जाता, इंग्लंडात ७० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, तिथे ७२ मिळाले म्हणून मुलगा घरी फोन करून नाचतो आणि इकडे आई विचारते "बाकीचे २८ कुठे गेले".

फॉर्मभरती
टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर माझी व्यथा. नोकरीच्या फॉर्ममध्ये टक्के विचारतात, सीजीपीएचा (सगळ्या सेमिस्टरच्या मिळून सरासरीचा) रकाना असला तरी शेजारी "इक्विव्हॅलंट पर्सेंटेज" असतंच. एक म्हणतो १० ने गुणा, एक म्हणतो ९.५ ने, एक म्हणतो आधी ०.७५ वजा करा. नक्की काय?

रिकामटेकडा_गणिती
तिन्ही खरे आहेत आणि तिन्ही तुमचे नसतील, अशी गंमत आहे.
९.५ हे सीबीएसईचं, शाळेचं होतं. त्यांनी वरच्या पट्ट्यातल्या म्हणजे ९१ ते १०० मधल्या मुलांच्या मार्कांची सरासरी बघितली, ती ९५ च्या आसपास आली, १० पॉइंटला ९५ म्हणून ९.५. त्याचा तुमच्या विद्यापीठाशी काडीचा संबंध नाही, पण लोक अजून इंजिनियरिंगच्या सीजीपीएला तेच लावतात.
०.७५ वजा करून १० ने गुणायचं ते एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यातलं, ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०. टेक्निकल कोर्सवाल्यांना हे दिसेल.
आता ताईंचा ८.४० घ्या: १० ने गुणला तर ८४, ९.५ ने ७९.८, एआयसीटीईने ७६.५, आणि प्रत्यक्ष मार्कांचे ७५.३३. एकाच मुलीचे चार वेगवेगळे टक्के, साडेआठच्या वर अंतर!
तुमच्या विद्यापीठाने जे सूत्र दिलंय तेच लिहायचं. कुठे मिळेल? मार्कशीट उलटी करा. तिथे नसेल तर परीक्षा विभागाकडून कन्व्हर्जन सर्टिफिकेट घ्या आणि फॉर्मला जोडा. मनाने गुणाकार करून जास्त टक्के टाकले आणि कागदपत्र पडताळणीला पकडले गेलात तर कोणी ऐकून घेत नाही.

फॉर्मभरती
माझं एमएला ५४.९० होतंय सूत्राने, ५५ लिहू का? नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) द्यायची आहे

खडूफळा
नको. ओपनमधून असशील तर नेटला ५५ टक्के लागतात ते राउंड न करता, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ५४.९० म्हणजे ५४.९०. राखीव प्रवर्गाला ५० आहे, तुझं काय ते बघ.

फॉर्मभरती
ओबीसी नॉन क्रिमीलेअर आहे मॅडम. वाचलो. 🙏

कॉलेजकुमारी
माझा प्रश्न बेसिक आहे हसू नका. सेम १ ला ७.२० आणि सेम २ ला ८.३० आहे तर सीजीपीए ७.७५ यायला हवा ना? पोर्टलवर ७.८२ दाखवतंय. फायद्यातच आहे पण नंतर कापून घेतील म्हणून भीती

रिकामटेकडा_गणिती
कोणी कापत नाही. दोन्ही सेमचे क्रेडिट सारखे नसणार. पहिल्याला २० आणि दुसऱ्याला २६ आहेत का?

कॉलेजकुमारी
हो!! कसं काय

रिकामटेकडा_गणिती
उत्तरावरून मागे गेलो. ७.२० गुणिले २० = १४४, ८.३० गुणिले २६ = २१५.८, बेरीज ३५९.८ भागिले ४६ = ७.८२. सेमिस्टरची नुसती सरासरी नाही काढायची, सेमिस्टरला पण क्रेडिटचं वजन असतं. जड सेमिस्टर चांगलं गेलं की फायदा.

केटीसम्राट
आणि जड सेमिस्टर गचकलं की कायमचे मातीत. अनुभवाचे बोल.

आयआयटीतला_मामा
आमच्याकडे आणखी वेगळी तऱ्हा. आयआयटीत पट्टे आधी ठरलेले नसतात, प्राध्यापक अख्ख्या वर्गाचे मार्क समोर ठेवतात आणि कुठे मोठी फट दिसते तिथे रेघ मारतात. मुंबईला एए, एबी, बीबी असल्या जोडग्रेड असतात, एए ला १०, एबी ला ९ असं उतरत. माझ्या एका विषयात ५८ ला एबी मिळाला होता कारण पेपर राक्षसी होता, आणि दुसऱ्यात ८१ ला बीबी, कारण सगळ्यांनीच लुटला होता. त्यामुळे तिथे "किती मिळाले" हा प्रश्न कोणी विचारत नाही, "ॲव्हरेज किती गेलं" विचारतात. काठावर अडकण्याचा त्रास जरा कमी, कारण रेघ मारणाऱ्याला रेघेच्या खालचा मुलगा दिसत असतो. पण वर्गातले हुशार आजारी पडावेत अशी प्रार्थना करणारे मित्र पण तिथेच भेटले.

खडूफळा
आमच्यासारख्या विद्यापीठांत हजारो मुलं एका पेपरला, शेकडो कॉलेजं. वर्ग बघून रेघ मारायची तर कोणी मारायची? म्हणून पट्टे आधीच ठरवून ठेवतात. मॉडरेटर असतो, तो काही वह्या पुन्हा तपासतो, परीक्षक फारच सैल किंवा फारच कडक वाटला तर दुरुस्ती होते. पण तो मधला उपाय झाला.

काठावरची
आले परत. सगळं तीन वेळा वाचलं. खडूफळा मॅडम, आता कोणावर राग धरायचा तेच कळेना, कॉम्प्युटरवर धरून उपयोग नाही. 😐
रीव्हॅल (फेरतपासणी) टाकू का? चारही विषयांत १-१ मार्क वाढला तर माझा ९.२० होतो, मी हिशोब केला. (बघा, शिकले.) पण मैत्रिणी म्हणतात कमी पण होतात.

खडूफळा
आधी फोटोकॉपी माग. रीव्हॅल आंधळेपणाने टाकू नकोस, पैसे जातात. फोटोकॉपी आली की बघ: एखादा प्रश्न तपासायचा राहिलाय का, पुरवणीची पानं सगळी आहेत का, बेरीज बरोबर आहे का. उत्तर तपासलंय पण २ ऐवजी ३ हवे होते असं वाटत असेल तर त्यात फार दम नसतो, दुसरा परीक्षक १ कमीही देईल. रीव्हॅलचे मार्क कधी लागू होतात, कमी झाले तर काय, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे, ते परिपत्रक वाच आधी. आणि मुदत बघ, ती चुकवलीस तर कोणी दारात उभं करणार नाही.

जुनं_खोड
फोटोकॉपी द्यायला कोणी नाटकं केली तर लक्षात ठेव, २०११ साली सुप्रीम कोर्टाने सीबीएसईच्याच केसमध्ये सांगितलंय की स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क माहिती अधिकारात येतो. परीक्षकाचं नाव मात्र मिळत नाही, ते झाकून देतात. आणि रिझल्ट लांबला तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात कलम ८९ आहे, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत लावायचा प्रयत्न, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत. निवृत्तीनंतर असले कायदे वाचायचा छंद लागलाय.

केटीसम्राट
४५ दिवस 😂😂😂 काका तुम्ही खरंच धमाल आहात

शांतपणे_वाचणारा
काठावरची, सांख्यिकी आणि कॉम्प्युटरपासून सुरुवात करा. गणितात पायऱ्यांना मार्क असतात, तिथे तपासायचं राहिलेलं क्वचित सापडतं.

काठावरची
(अपडेट) चारही फोटोकॉप्या मागवल्या, १२ दिवसांनी पीडीएफ आल्या. गणित अगदी चोख तपासलंय, माझीच एक पायरी चुकली होती, ४१ सुद्धा दयेने दिलेत असं वाटलं. अर्थशास्त्र ठीक. कॉम्प्युटर वाचून मलाच लाज वाटली, ५९ पण जास्त आहेत.
सांख्यिकीत मात्र सापडलं! ४ क चं उत्तर मी मधली दोन पानं कोरी सोडून शेवटच्या पानावर लिहिलं होतं, आणि समासात प्रश्न क्रमांक टाकलाच नव्हता. तिथे "सोडवला नाही" अशी नोंद. पूर्ण सोडवलेला प्रश्न, ५ मार्कांचा. रीव्हॅल टाकला फक्त त्याच विषयाला.

खडूफळा
शाब्बास. आणि कान पकडून सांगते, प्रश्न क्रमांक! स्क्रीनवर तीनशे वह्या बघितल्यावर कोऱ्या पानानंतर काही असेल असं डोळ्यांना वाटत नाही. कोणाचं तरी लक्ष सुटलं, चूक आमच्यातलीच आहे, पण अर्धी तुझी पण.

काठावरची
मान्य मॅडम 🙈

काठावरची
(शेवटचं अपडेट) रीव्हॅल लागला. त्या प्रश्नाला ५ पैकी ३. सांख्यिकी ७९ चे ८२, ए प्लसचा ओ, एसजीपीए ८.६०. रूममेटने पार्टी मागितली, तिचा अजून माझ्यापेक्षा जास्त आहे हे तिला सांगून बघितलं, ऐकत नाही.

रिकामटेकडा_गणिती
अभिनंदन! ३ मार्क, त्यातला कामाचा १, बाकीचे २ हवेत गेले. ८० चे ८२ होऊन काही मिळत नाही.

रूममेट_तीच_ती
नवीन आयडी काढून आलेय. इंग्रजीत ६२ वाली मीच. चुका काढायच्या असतील तर काढा.

नवखा२२
हाय, पूर्ण धागा वाचला नाही, माझा सीजीपीए ८.१ आहे तर टक्के किती होतात प्लीज कोणीतरी सांगा, अर्जंट आहे, आज फॉर्मची शेवटची तारीख

काठावरची
मार्कशीट उलटी कर.